अकरा फूट

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून उतरतात. टप घासला जातो, गवत बदललं जातं, पंप चालतो की नाही ते बादलीत बुडवून पाहिलं जातं. आणि मग घरातल्या सामानाची जागा कूलर ठरवतो. दिवाण कुठे, टीव्ही कुठे हे वास्तुशास्त्राला विचारणारे विचारोत. आमच्याकडे हवा पोचते तिथे माणूस आणि पोचत नाही तिथे कपाट, एवढंच शास्त्र.

यंदा आई आमच्याकडे राहायला आली. महाल भागातलं तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा, आणि डिसेंबरात तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरात खाली हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या वर. तेव्हा आईचा दिवाण हॉलमध्ये, हे कुणी न बोलताच ठरलं. हॉलला कूलर बसेल अशी खिडकी एकच. आणि त्या खिडकीला अडवून गेली नऊ वर्षं माझा फिश टँक उभा.

बायकोने टेप आणला. खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंत, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशेजारी जिथे शू-रॅक आहे तिथपर्यंत, बरोबर अकरा फूट.

‘अकरा फूट तर सरकवायचा आहे,’ ती म्हणाली. ‘शेजारची दोन पोरं बोलाव.’

मी काही बोललो नाही. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे बारा घनफूट, आणि एका घनफुटात मावतं २८ लिटरच्या वर पाणी. वरची रिकामी बोटं आणि खड्यांनी अडवलेली जागा सोडली तरी ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. १० मिलिमीटर जाडीची काच सगळी मिळून ६५ किलोच्या आसपास. तळाचे खडे ४० किलो. लोखंडी स्टँड वेगळा. साडेचारशे किलोचा हा प्रकार पाच काचांचा आहे आणि त्या काचा एकमेकींना नुसत्या सिलिकॉनने चिकटलेल्या आहेत. भरलेला टँक ढकलला आणि स्टँडचा एक पाय फरशीच्या सांध्यात अडकला, तर ढकलणारे ढकलत राहतात, पाणी पुढे जातं, आणि चौकट तिरकी होते तेवढ्यात शिवण सुटते. लगेच फुटेलच असं नाही. रात्री अडीचला फुटेल.

मधला एक मार्ग म्हणून टँक वरच्या खोलीतच नेऊ असाही विचार निघाला. तो शेजारच्या काकाजींनी मोडला. ते पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले इंजिनियर, आणि कुठल्याही घरात शिरले की आधी छताकडे पाहतात. ‘घराचा स्लॅब आखताना चौरस मीटरला दोनशे किलो वजन धरतात बाबू,’ ते म्हणाले. ‘तुह्या टाकीखाली जागा अर्ध्या चौरस मीटरहून जरा जास्त. हिशोब कर.’ केला. जवळपास चौपट भरतो. ‘पडते असं नाही म्हणत मी. भिंतीलगत, खाली बीम असला तर चालते. पण काहाले उगाच?’

तर तळमजला आणि अकरा फूट.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझी सगळी भीती तिच्यातून आली आहे. २०१४ मध्ये माझ्याकडे दोन फुटांचा छोटा टँक होता, सात गोल्डफिशचा. दिवाळीचं रंगकाम निघालं, तेव्हा एवढं काढलंच आहे तर स्वच्छ करू म्हणून मी सगळं धुतलं. खडे परातीत घेऊन तांदूळ धुवावेत तसे पाणी नितळ होईपर्यंत धुतले. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला. काच आतून चकचकीत. नवं पाणी, नवी जागा, मासे जुने. असा सुंदर टँक मी पुन्हा कधी पाहिला नाही. पाचव्या दिवसापर्यंत सातांपैकी सहा गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं, ते टाकलं, पाणी निळं झालं आणि त्या सहांतला शेवटचा त्यातच गेला.

मी काय धुऊन टाकलं होतं, ते कळायला मला पुढे बरंच वाचावं लागलं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. बंद पाण्यात तो साचला तर स्वतःच्याच विषात मरतो. त्याला वाचवतात ते जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात. मातीतले असे जिवाणू विनोग्रादस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. आणि आपल्या टँकमध्ये हे दुसरं काम करणारे मुख्यतः नायट्रोस्पायरा गटाचे असतात, हे तर १९९८ मध्ये उजेडात आलं. तोवर श्रेय भलत्यालाच, नायट्रोबॅक्टरला, मिळत होतं. आपल्या मतलबाची गोष्ट अशी की हे जिवाणू पाण्यात फारसे पोहत नाहीत. ते चिकटून राहतात. स्पंजला, खड्यांना, लाकडाला, काचेवरच्या बुळबुळीत थराला. वाढतातही सावकाश, नव्या टँकमध्ये त्यांची घडी बसायला महिना-दीड महिना जातो. आपण ज्याला घाण म्हणतो तिच्यात त्यांचं बिऱ्हाड असतं, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन तर असल्या बारीक जिवांना मारण्यासाठीच घातलेलं असतं. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याला शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं, त्याच पाण्याखाली मी तो स्पंज पिळला होता.

म्हणून या वेळी घरात जाहीर केलं: काहीही धुवायचं नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. पाडवा तोंडावर आलेला, आणि नऊ वर्षं न हललेल्या टँकखाली काय काय निघेल याची तिला कल्पना होती.

‘फिल्टर तरी?’

‘फिल्टर तर अजिबात नाही.’

दिवाणावर बसून आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘अगं, विरजण असेल त्यात.’

मी नऊ वर्षं पाहुण्यांना नायट्रोजनचं चक्र समजावत आलो होतो, हातवारे करून. आईने दोन शब्दांत आटपलं. महालातून येताना ती ऑटोत मांडीवर स्टीलची डबी घेऊन बसली होती, झाकणाला रबर लावून. तिच्या घरातलं विरजण. आमच्या फ्रिजमधल्या दह्यावर तिचा विश्वास नाही. इथे कुणाला वाटेल की आता मी जागा बदललेली आई आणि जागा बदलणारा टँक यांची सांगड घालणार. मीही घालायला निघालो होतो, एका दुपारी तिला तसं बोलूनही दाखवलं. ‘मले मासोळ्यांच्या रांगेत नको बसवू,’ ती म्हणाली आणि कूस बदलली. तेव्हा तो विषय संपला.

पाडव्याच्या आधीचा रविवार धरला. उशीर करून चालणार नव्हतं. एप्रिल-मेत पारा ४५ कडे जातो, तेव्हा हे काम करू नये. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. पुन्हा त्याच उकाड्यात अमोनियाचा विखारही वाढतो. मार्चअखेरची सकाळ, सात ते बारा, एवढीच सवड.

तयारीत जे वेळखाऊ निघालं ते मला सुचलंही नव्हतं. बादल्या. आमच्या घरात साबण न लागलेली बादली नाही. कुणाच्याही घरात नसते. साबणाचा अंश माशाच्या कल्ल्यांना पोळतो, म्हणून बुधवारी बाजारातून सहा नव्या बादल्या आणि दोन मोठे टप आणले. निळे ड्रम ओळखीच्या केटरिंगवाल्याकडून मागवले. त्यातल्या एकात नाक घातलं तर फिनाईल. परत पाठवला. दुसऱ्याला चिंचेच्या पाण्याचा वास होता, तो चार वेळा नुसत्या पाण्याने विसळून उन्हात ठेवला. तिसरा बरा निघाला. शनिवारी माशांना खायला दिलं नाही, उपाशी मासा पाणी कमी घाण करतो. आईने दोनदा विचारलं, ‘आज काही नाही का त्यांना?’

रविवारी सकाळी पोरं आली, कोपऱ्यावरून तर्री-पोहे आले, आणि पहिला अपघात माझाच झाला. पाइपने पाणी ओढायला तोंड लावलं आणि नऊ वर्षांचं मुरलेलं पाणी घोटभर आत गेलं. ‘काका, चव कशी आहे?’ असं एकाने विचारलं. शेवाळासारखी, आणि मागून थोडी लोखंडी.

वरचं नितळ पाणी आधी ड्रममध्ये गेलं, दोनशे लिटरहून जास्त. खरं तर पाण्यात जिवाणू नसतात तर ते राखायचं कशाला, असा प्रश्न काकाजींनी केलाच. राखायचं ते माशांच्या अंगवळणी पडलेलं म्हणून. त्याचा पीएच, त्यातले क्षार, त्याची ऊब, सगळं एकदम बदललं तर मासा धक्क्यानेच जातो. लाकूड बाहेर काढून ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि टपात ठेवलं. झाडं दुसऱ्या टपात. मग पाणी वीतभर उरलं तेव्हा मासे. खोल पाण्यात जाळी घेऊन मागे लागलं की तेही दमतात आणि आपणही. उथळात ते सापडतात. अँजलना जाळी लावली नाही, त्यांचे लांब पर अडकून फाटतात. पाण्यासकट प्लास्टिकच्या भांड्यात घेतले. चार अँजल, दोन गोरामी, आठ विडो. ड्रमवर ओला पंचा टाकला, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. आणि मग मी या दिवसातली एकमेव हुशारी केली. डब्याच्या फिल्टरचे दोन्ही पाइप त्या ड्रममध्ये सोडून तो तिथेच चालू केला. पाच मिनिटांहून जास्त तो बंद राहिला नाही. बंद डब्यात अडकलेलं पाणी काही तासांत कुजतं, जिवाणूंना श्वास मिळत नाही, आणि नंतर बटण दाबलं की ते सगळं माशांच्या अंगावर येतं.

खडे काढताना घरभर सडक्या अंड्याचा वास सुटला. जिथे हवा पोचत नाही तिथे तळाशी असा काळा थर बसतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. मासे आत असताना हे खडे ढवळले असते तर दुपारपर्यंत मला मोजायलाही लागले नसते. ते तळाचं पाणी, चहाच्या रंगाचं, तेवढं मात्र टाकलं. टाकलं म्हणजे आईच्या सांगण्यावरून मोगऱ्याला आणि तुळशीला घातलं. खडे टँकच्याच पाण्यात एकदा हलवून घेतले. पुन्हा सांगतो, हलवले, धुतले नाहीत.

नव्या जागी काकाजी पारदर्शक नळी घेऊन बसलेले. त्यात पाणी भरून दोन टोकांना धरायचं, गवंड्याची जुनी पाणसळ. हॉलच्या फरशीला धुतलेलं पाणी वाहावं म्हणून दाराकडे उतार असतो. चार फुटांत सहा मिलिमीटर निघाला. दिसायला काही नाही, पण तीनशे लिटर पाणी एका बाजूच्या शिवणीवर रोज जास्त रेटत राहतं. स्टँडच्या पायांखाली सनमायकाचे तुकडे सारले. टँकखाली कधी असे तुकडे घालू नयेत, जिथे तुकडा तिथे काचेवर भार. टँक आणि स्टँडच्या मध्ये थर्माकोल, तो नवा घातला. जुना नऊ वर्षांत पापडासारखा दबलेला होता.

आणि मग रिकामा टँक चौघांनी उचलला. वरच्या कडेला कुणी हात लावायचा नाही, तळातून धरायचं. ‘हं, उचल बे... हळू... माझं बोट, माझं बोट!’ अकरा फूट. अर्धं मिनिटही लागलं नसेल. पाच तासांची तयारी त्यासाठी.

खडे गेले, खड्यांवर ताटली ठेवून तिच्यावर जुनं पाणी ओतलं. उरलेलं नवं पाणी आदल्या दिवशी भरून क्लोरिन मारायचे थेंब घातलेलं होतं. गढूळ दिसत होतं, दिसू दे. फिल्टर जोडला, तासाभराने मासे मोजत सोडले. अँजल चार, गोरामी दोन, विडो आठ. चौदा.

माझ्याकडे पंधरा आहेत.

सकर नव्हता. वीतभर लांबीचा, कातळाच्या रंगाचा, दिवसा कुणाला न दिसणारा. ड्रममध्ये पाहिलं. खड्यांच्या टपात हात घातले. सोफ्याखाली बॅटरी मारली. पोरांपैकी एक म्हणाला, ‘मांजरानं नेलं असन.’ मोगऱ्याच्या आळ्यात बायको पाहून आली. मला तो २०१४ चा पांढरा स्पंज आठवू लागला.

आई टपाशेजारी खुर्चीवर बसली होती, मटार सोलत. म्हणाली, ‘तुमचं लाकूड बोलून राहिलं मघापासून.’

‘काय?’

‘खरखर करते. मले वाटलं, वाळून राहिलं.’

गोणपाट सोडलं. लाकडाला आतून एक पोकळी आहे, तिच्यात सकर पाठीचे काटे रोवून बसलेला. साडेतीन तास, पाण्याबाहेर. या माशाला हवा गिळून पोटातून श्वास घेता येतो, ओलावा असला तर तो बराच तग धरतो, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं असणं वेगळं आणि हातातल्या लाकडातून ती खरखर ऐकणं वेगळं. त्याला ओढायचं नाही, काटे अडकून तुटतात. लाकूड तसंच टँकमध्ये ठेवलं. रात्री दहाला तो काचेवर चिकटलेला दिसला, तोंडाची चकती आमच्याकडे करून. याच सकरला घेऊन मागे एका पाहुण्यांनी ‘फुटाळा तलावात सोडून द्या ना’ असं सुचवलं होतं. त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्या देशातल्या तळ्या-नद्यांत लोकांनी असाच चांगल्या मनाने सोडून दिला आहे, आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर उठला आहे. जो साडेतीन तास गोणपाटात जगतो त्याला फुटाळा काय अवघड.

पुढचा आठवडा रोज सकाळी चाचणीची नळी. तिसऱ्या दिवशी अमोनिया किंचित चढला, पिवळ्यातून हिरव्याकडे, चौथाई पाणी बदललं. खाणं निम्मं केलं. सातव्या दिवशी पुन्हा पिवळा. मेला कुणी नाही. अँजल मात्र दोन-तीन आठवडे टँकच्या डाव्या टोकाला गर्दी करून उभे राहायचे. जुन्या जागी मी त्या बाजूने यायचो. आता तिथे भिंत आहे.

खिडकीखाली फरशीवर टँकच्या आकाराचा एक पांढरट चौकोन उमटला होता, नऊ वर्षं कुणी न पुसलेला. बायकोने तो तीनदा घासला, मग त्यावर दिवाण आला. कूलर बसला. आईच्या उशीसमोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, टँक.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री लाइन गेली. मी वर झोपलेलो. घाम फुटेपर्यंत मला कळलंही नसतं. खालून हाक आली, ‘ऊठ रे, बुडबुडे थांबले.’

बॅटरीचा पंप शोधत जिना उतरलो. अंधारात पाण्याचा आवाज येत होता. आई वॉकर सोडून एका हाताने स्टँडला धरून उभी होती, आणि दुसऱ्या हाताने टँकमधलं पाणी तांब्याने काढून पुन्हा टँकमध्ये ओतत होती.

‘आई, गुडघा!’

‘गुडघा नवा आहे,’ ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. ‘जरा उंचावरून ओत. चहा निववते तसं.’